तिसरा ठोका

१

लेकीने मला एकच काम दिलं होतं.

"बाबा, बाकी सगळं मी बघते. बॅटरीचं तेवढं तुम्ही करा. तो विषय तुमचाच," असं म्हणून प्लास्टरमधला उजवा हात छातीशी धरत ती डिझेलची नळी बघायला गेली.

विषय माझाच खरा. चौतीस वर्षं मी विद्युत आणि चुंबकत्व शिकवलं, त्यावर दोन पाठ्यपुस्तकं लिहिली. पण हातात पाना घेऊन एवढ्या मोठ्या यंत्राची बॅटरी जोडायची वेळ सत्त्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच आली. त्यातून मी घाबरट. गॅस बंद आहे का ते तीनदा बघतो, आणि तिसऱ्यांदा बघितलं की नाही ते आठवत नाही म्हणून चौथ्यांदा.

घरामागे चाळीस पावलांवर पत्र्याची शेड आहे. तिच्यात लेकीचा डोझर उभा असतो. सगळे त्याला म्हातारी म्हणतात. जावयाने घेतली तेव्हाच म्हातारी तीस वर्षांची होती. गेल्या हिवाळ्यात जावई आठ दिवसांच्या तापात गेला, आणि मी इथे राहायला आलो. लेकीला आधार म्हणून, असं लोकांना सांगतो. डोझर ती स्वतः चालवते. त्यानेच शिकवलं होतं. महिन्यापूर्वी उतरताना तिचा पाय घसरला आणि मनगट मोडलं.

डोंगरातल्या रस्त्यावर कोसळलेली दरड हटवायचं काम तिला मिळालं होतं; प्लास्टर निघालं की सुरू करायचं. शुक्रवारी दुपारी ट्रेलर येणार होता. काम देणाऱ्यांची अट होती: म्हातारी लागोपाठ पाच वेळा, दुसऱ्या गाडीची मदत न घेता सुरू झाली, तर ट्रेलर तिला डोंगरात नेणार. नाही झाली, तर त्याच ट्रेलरवर भंगारात.

"मग शेडही काढून टाकू," लेक म्हणाली होती. "मी शहरात नोकरी बघते." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

सोमवारी संध्याकाळी दोन हमालांनी दुरुस्तीच्या दुकानातून बॅटरी आणली. सीटखाली लोखंडी पेटी असते, तिच्यात ती बसते. दोघांच्या कपाळाच्या शिरा फुगल्या होत्या.

"अशी नको, फिरवून ठेवा," मी म्हणालो. "ऋण टोक बॉडीच्या केबलकडे आलं पाहिजे."

"आधी अशीच होती साहेब. खाली डाग बघा ना."

"आधी चूक असेल."

त्यांनी फिरवून ठेवली. बॅटरीचं ऋण टोक यंत्राच्या लोखंडी अंगाला जोडायचं, हा नियम माझ्या दोन्ही पुस्तकांत आहे. बॉडीच्या केबलचा क्लॅम्प त्या टोकावर सैल बसत होता, म्हणून मी चहाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून आत घातली. दुसरा क्लॅम्प उलट फार घट्ट. तो ताणून बसवला. मग मीटर लावून वहीत लिहिलं: सोमवार, संध्याकाळ, १२.४. ठीक.

'ठीक'च्या खाली मी रेघसुद्धा मारली.

२

मंगळवारी सकाळी सातला पुन्हा मीटर लावला. माझी पद्धत ठरलेली आहे: मीटरची काळी तार बॉडीला, लाल तार सेल्फकडे, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या मोटरकडे, जाणाऱ्या जाड केबलला. आकडा आला १२.६, आणि त्याच्या आधी एक बारीक आडवी रेघ.

काचेवर केस पडला असेल म्हणून मी बोटाने पुसलं. रेघ तशीच. उणे १२.६.

हातातल्या तारा उलट लागल्या असतील, म्हणून चष्मा पुसून पुन्हा लावल्या. काळी काळ्याच्या जागी होती, लाल लालच्या. मग पेटीत वाकून बघितलं. दोन्ही क्लॅम्प बदललेले होते. बॉडीची केबल पलीकडे ताणून धन टोकाला लावली होती, सेल्फची ऋणाला. आणि माझी पत्र्याची पट्टी पेटीच्या झाकणावर होती, घडी घालून, चार पदरी. टाकून न देता कोणीतरी ती जपून ठेवली होती.

पहिला विचार लेकीचा आला. पण डाव्या हाताने तिला पाना फिरवता येत नव्हता. आदल्याच दिवशी बाटलीचं झाकण माझ्याकडून उघडून घेतलं होतं.

"काय शोधताय?" ती दारात चहाचे दोन कप एका हातात अडकवून उभी होती.

"काही नाही. चष्मा."

"डोळ्यावर आहे."

"तोच."

ती हसली आणि कप देऊन गेली. मी मात्र तिथेच पेटीच्या कडेला बसून राहिलो. दुसरा विचार मला नको होता, तो आला. माझा थोरला भाऊ गणिताचा मास्तर होता. त्याचं असंच सुरू झालं. आधी सदऱ्याची बटणं एक घर सोडून लागायला लागली. मग एकदा चपला फ्रीजमध्ये सापडल्या. शेवटची तीन वर्षं तो मला 'निरीक्षक साहेब' म्हणायचा आणि उभा राहायचा. तो स्वतःच ठेवलेल्या वस्तू बघून विचारायचा, "हे इथे कोणी ठेवलं?"

बॅटरी सोमवारी मीच अशी उलट जोडली असेन का? आणि वहीत भलतंच लिहिलं असेल? की झोपेत उठून आलो? लेकीच्या डोक्यावर आधीच काय कमी होतं? त्यात आणखी बाप वेडा झाला, हे तिला शुक्रवारपर्यंत तरी कळायला नको होतं.

मी क्लॅम्प पुन्हा आपापल्या जागी लावले. पट्टी उलगडून आत घातली. पाऊण तास गेला. बोटं सोलवटली.

दहा वाजता लेक वर चढली आणि तिने डाव्या हाताने सेल्फ मारला. म्हातारी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. लेकीच्या चेहऱ्यावर उजेड पडला, पण दोन मिनिटांतच गेला. समोरच्या फळीवर चार्जिंगचा काटा असतो. तो उजवीकडे झुकला की डायनॅमो बॅटरी भरतोय असं समजायचं. काटा मधोमध होता, ताप चढलेल्या माणसासारखा कापत. फळीमागून काहीतरी जळल्याचा वास आला.

"चार्ज होत नाही," ती म्हणाली. "बॅटरी आहे तोवर चालेल. मग संपलं."

संध्याकाळी आकडा आला ११.९.

३

बुधवारी सकाळी ठोके ऐकून जाग आली.

लोखंडावर लोखंड. टक्. टक्. मग जरा थांबून, टक्. शेडकडून आले. लेक उठून कामाला लागली असेल, म्हणून मी कूस बदलली. सातला शेडमध्ये गेलो तर क्लॅम्प बदललेले. पट्टी झाकणावर, चार पदरी. मीटरवर तीच रेघ.

या वेळी मी रेघेसोबत आकडाही नीट वाचला. उणे १२.५. चिन्हाच्या धसक्यात आदल्या दिवशी माझं आकड्याकडे लक्षच गेलं नव्हतं. काल संध्याकाळी ११.९ होतं. चार्जर लावलेला नाही, इंजिन थंड, आणि बॅटरी रात्रीतून भरलेली.

बॅटरी विसावली की आकडा थोडा चढतो, हे मी वर्गात सांगत आलोय. थोडा म्हणजे दशांश-दोन दशांश. मी बॅटरीची झाकणं काढून आम्लाची घनता मोजली. तीही चढली होती, आणि आम्ल काही विसाव्याने घट्ट होत नाही. मोजमापात माझी चूक असावी अशी माझी फार इच्छा होती. म्हणून तीनदा मोजलं. चूक सापडली नाही.

मी पुन्हा सगळं 'बरोबर' केलं. आता हात सरावले होते; वीस मिनिटांत झालं.

दुपारी ठिणगी आला. तो म्हणजे जुन्या यंत्रांची वायरिंग करणारा, माझ्याहून पाचसात वर्षांनी लहान. मीटरवर त्याचा विश्वास नाही. वायरला वायर लावून बघतो. "ठिणगी पडली तर जीव आहे, नाही पडली तर मयत," हे त्याचं शास्त्र. त्यामुळे त्याची डावी भुवई कायम अर्धीच असते.

त्याने फळीमागून कटआऊट काढला. डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामधला हा छोटा डबा. योग्य वेळी जोडतो, योग्य वेळी तोडतो. आतले संपर्क काळे पडून खरवडल्यासारखे झाले होते.

"अरारा. ताई, हे बघ. आणखी एकदा असं झालं ना, की हा गेला. आणि म्हातारीचा कटआऊट आता दिवा घेऊन शोधलास तरी मिळायचा नाही." मग माझ्याकडे वळून, "सर, रागवू नका, पण बॅटरी उलटीसुलटी नाही ना लागली?"

"जोडणी मी स्वतः केली आहे," मी म्हणालो. वर्गात मागच्या बाकावरून कोणी आगाऊ प्रश्न विचारला की लागायचा तो आवाज माझा मलाच ऐकू आला.

"मग प्रश्नच मिटला!" त्याने दोन्ही हात वर केले. "पुस्तकं लिहिणारा माणूस! आम्ही आपले चटके खाऊन शिकलेले."

कटआऊट घासून परत बसवून तो पेटीत न बघताच डायनॅमोकडे गेला. त्याचा पट्टा चिरलेला निघाला, तो काढून त्याने खिळ्याला अडकवला. नवा उद्या आणतो म्हणाला.

"आणि डायनॅमो?" लेकीने विचारलं.

"डायनॅमो धडधाकट आहे गं. फक्त विसरलाय. पट्टा चढवला की बॅटरीवरून वायरची एक टिचकी दे त्याला, आठवेल सगळं. तुला माहितीये, तुझा नवरा द्यायचा."

"माहितीये," ती म्हणाली.

'आठवेल' या एका शब्दाने मला तेवीस वर्षं मागे नेलं होतं.

४

जावई एक वर्ष माझा विद्यार्थी होता. ही गोष्ट लेकीलाही लग्नानंतरच कळली.

तोंडी परीक्षा होती. मी विचारलं, "डायनॅमोत चुंबक नाही, बाहेरून वीजही दिलेली नाही. मग तो फिरायला लागल्यावर पहिला प्रवाह येतो कुठून?" उत्तर सोपं आहे. आधीच्या प्रवाहामुळे लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं. त्याला अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात.

तो उंच, तेलकट नखांचा मुलगा म्हणाला, "लोखंडाला मागचं आठवत असतं, सर."

"लोखंडाला मन नसतं," मी म्हणालो आणि शून्य दिलं. तो दोन गुणांनी नापास झाला. पुन्हा बसला नाही. यंत्रांवर कामाला लागला, आणि काही वर्षांनी माझ्याच लेकीशी लग्न केलं. त्याने तो प्रसंग कधी काढला नाही. शेवटपर्यंत मला 'सर'च म्हणायचा. मीही कधी काढला नाही. काढायला हवा होता.

बुधवारी संध्याकाळी मीटरवर ११.८ आलं. मी पेटीच्या झाकणाला कुलूप लावलं. किल्ली एकच. ती रात्री माझी कवळी ज्या पेल्यात असते त्या पेल्यात टाकली, वर कवळी सोडली, आणि पेला उशाशी ठेवला. झोपेत उठून काही करायचं झालं तरी आधी त्या गार पाण्यात हात घालावा लागला असता. माझ्या वेडाला निदान एवढी अडचण असावी.

एक मात्र ठरवलं. उद्या पुन्हा तसंच निघालं तर लेकीला सांगायचं की मला डॉक्टरकडे ने. मग शुक्रवारचं काय व्हायचं ते होवो.

५

गुरुवारी फटफटायच्या सुमारास डोळे उघडले. पेला जागच्या जागी होता. कवळीखाली किल्ली दिसत होती.

मी कान देऊन पडलो. शेडकडून बारीक घरघर येत होती, दळणाची गिरणी लांबून ऐकू यावी तशी, पण त्याहून हलकी. मी उठलो. लेकीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं; ती प्लास्टरचा हात उशीवर ठेवून गाढ झोपली होती. म्हणजे ती नाही. आणि मी तर इथे उभा होतो, अनवाणी, दात न लावता, हातात किल्ली घेऊन.

शेडपर्यंतची चाळीस पावलं मी मोजली. एकेचाळीस झाली.

दाराच्या फटीतून राखाडी उजेड आत पडला होता. आधी मला डायनॅमोचं चाक दिसलं. ते फिरत होतं. पट्टा खिळ्यावर लटकलेला, इंजिन बंद, आणि चाक संथ, न थांबता फिरत होतं. कंटाळा न करता काम करणाऱ्या माणसाच्या हाताने फिरावं तसं. बुद्धीने लगेच धाव घेतली. कटआऊट चिकटला असेल. मग बॅटरीच डायनॅमोला मोटरसारखी फिरवते, पट्टा नसला तर सहज फिरवते. अगदी बरोबर. मला इतकं हायसं वाटलं की मी दाराला टेकलो.

मग फळीवरचा काटा दिसला. तो उजवीकडे झुकला होता. प्रवाह बॅटरीतून बाहेर जात नव्हता, आत येत होता. माझ्या स्पष्टीकरणात सगळं बसत होतं, फक्त चिन्ह चुकत होतं. चिन्ह चुकलं की मी निम्मे गुण कापायचो.

चालकाची सीट दारातून तिरकी दिसते. जुनं रेक्झिन, मधोमध खोलगट. मला आठवत होतं त्यापेक्षा ती बरीच जास्त दबलेली होती.

टक्. टक्.

कुलूप घातलेल्या पेटीतून आले. मी तोंडावर हात दाबून धरला. दात नव्हते म्हणून तरी वाजले नाहीत.

टक्.

काटा सावकाश मधे आला. चाक थांबलं. आणि सीटचा खळगा भरून यायला लागला, आधी कडेने, मग मधून, रेक्झिनच्या चिरेतून सुस्कारा सोडत; कोणी घाई न करता उठावं तसा. त्यानंतर यंत्राच्या साखळीपट्ट्यावर, माझ्या बाजूला, वजन पडल्यासारखा लोखंडाचा आवाज झाला.

मी डोळे मिटून घेतले. किती वेळ ते सांगता येणार नाही. उघडले तेव्हा शेडमध्ये चांगला उजेड होता आणि एक चिमणी पट्ट्याच्या खिळ्यावर बसली होती.

कुलूप तसंच होतं. मी ते उघडलं.

आज क्लॅम्प बदललेले नव्हते. बॅटरीच फिरवून ठेवली होती. सबंध बॅटरी, जी उचलताना दोन हमालांच्या शिरा फुगल्या होत्या. ती खालच्या जुन्या डागावर बरोबर बसली होती. बॉडीची केबल धन टोकावर आरामात टेकली होती, कुठे ताण नाही, आणि तो सैल क्लॅम्प पट्टीशिवाय असा घट्ट बसला होता की त्याच टोकासाठी घडवला असावा. पट्टी झाकणाखाली, चार पदरी.

मीटर: उणे १२.८.

मी जमिनीवर बसलो. जे आलं ते रडू होतं की हसू ते कळेना. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला ती बॅटरी बोटभरही हलवता आली नसती, जागेपणी काय आणि झोपेत काय. म्हणजे हे मी करत नव्हतो. माझं डोकं ठिकाणावर होतं. भीती नंतर वाटली. आधी, खरं सांगतो, आनंद झाला.

६

"बाबा! अनवाणी कुठे गेला होता? आणि दात?"

लेक स्वयंपाकघरात उभी होती. मी कवळी बसवली आणि म्हणालो, "ऐक. बॅटरीचं धन टोक बॉडीला लागलंय."

"म्हणजे प्लस? मग बरोबर आहे की. म्हातारीची प्लसच असते बॉडीला. पहिल्यापासून. जुन्या यंत्रांत असतं तसं."

मी खुर्चीवर बसलो.

"बाबा, तुम्ही काय केलं होतंत?"

मी सगळं सांगितलं. हमालांना फिरवायला लावली ते, पट्टी कापली ते, रोज सकाळी उलट झालेलं मी पुन्हा 'सुलट' केलं ते, ठिणगीने विचारल्यावर ताठ मानेने काय म्हणालो ते. तिला प्लसचं इतकं माहीत होतं की सांगायचं सुचलं नाही, आणि मला मायनसचं इतकं माहीत होतं की विचारायचं सुचलं नाही. काटा का कापत होता, कटआऊट कशाने जळला, सगळं माझ्याच पाठ्यपुस्तकातून आलं होतं.

ती ठिणगीच्या आवाजात म्हणाली, "पुस्तकं लिहिणारा माणूस!" आणि हसत सुटली. हसता हसता पायरीवर बसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. वर्षभरात तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

"पण मग रोज उलटी... म्हणजे सुलटी कोण करत होतं?"

"मी नाही."

"कुलूप होतं म्हणता."

"होतं."

तिने उठून खिडकीतून शेडकडे पाहिलं. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. "हं," एवढंच म्हणाली आणि फडकं घेऊन ओटा पुसायला लागली.

दुपारी ठिणगी पट्टा घेऊन आला. त्याच्यापुढे मी कबुली दिली. त्याने मला नखशिखांत न्याहाळलं. "सर, आता तुम्ही आमच्या पंगतीत. टिचकी तुम्हीच द्या."

लेकीने वायर माझ्या हातात ठेवली. एक टोक बॅटरीवर होतं; दुसरं डायनॅमोच्या टोकाला क्षणभर टेकवायचं.

"किती वेळ?" मी विचारलं. "एक सेकंद? अर्धा?"

"मोजायचं नाही हो बाबा. लावायची आणि काढायची. कोणाला झोपेतून उठवताना हात लावतो ना, तेवढीच."

मी लावली आणि काढली. निळी ठिणगी पडली. बोटांना काहीच झालं नाही, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

लेकीने सेल्फ मारला. म्हातारी पहिल्याच धक्क्याला सुरू झाली. काटा जरा दबकला आणि उजवीकडे गेला, आणि तिथेच राहिला.

"आठवलं!" ठिणगी ओरडला. "बघ ताई, आठवलं हिला!"

लोखंडाला मन नसतं, हे म्हणायला मी या वेळी तोंड उघडलं नाही.

७

संध्याकाळी आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. लेक म्हणाली, "बाबा, एक सांगू? या तीन सकाळी मला झोप लागली. वर्षानंतर."

"दमली असशील."

"नाही. तुम्ही ठोकता ना सकाळी पान्याने, ते ऐकून. तोही ठोकायचा, बॅटरी जोडून झाली की. तुम्ही त्याचं बघून शिकलात वाटतं, असं मनात आलं, आणि इतकं बरं वाटलं ना, की पुन्हा डोळा लागायचा."

मी हातातला रिकामा कप फिरवत राहिलो. ठोकणारा मी नव्हतो, आणि जन्मभर खोट्या उत्तराला गुण दिले नव्हते.

"तीनच का ठोकायचा?" मी शेवटी विचारलं.

"पहिले दोन क्लॅम्पवर, एकेकावर एकेक. घट्ट बसलाय का ते आवाजावरून कळतं."

"आणि तिसरा?"

"तिसरा मला." ती शेडकडे बघत होती. "झालं, ये आता, म्हणून. हाक मारली तर शेजारचं कुत्रं भुंकतं ना."

शुक्रवारी दुपारी ट्रेलर आला. ट्रेलरवाल्याने म्हातारीला एक फेरी घातली. "ताई, ही डोंगरात न्यायची की संग्रहालयात?"

"तू आधी तुझ्या ट्रेलरची हवा बघ," लेक म्हणाली. "मागचं डावं चाक बसलंय."

तो गुपचूप चाक बघायला गेला. लेक दाराशी त्याच्यावर लक्ष ठेवून उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. मी पाना घेऊन पेटीशी वाकलो. सकाळी काही बदललेलं नव्हतं. तरी पुन्हा बघायचं होतं, स्वभाव. क्लॅम्प घट्ट होते. मी पहिल्यावर ठोकलं. आवाज भरीव आला. दुसऱ्यावर ठोकलं. तोही तसाच.

मग माझा हात थांबला. तिसरा ठोका माझा नव्हता. मी पाना खाली, जमिनीवर ठेवला, आणि हात मागे घेतले.

टक्.

माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर वाजला. पेटीचं झाकण बारीक थरथरलं, मग स्थिर झालं. माझ्या अंगावर काटा आला, पण पाय तिथेच राहिले. "चुकलं होतं माझं," मी हळूच म्हणालो. "उत्तर बरोबर होतं."

"आले," लेक दारातून म्हणाली.

ती आली, डाव्या हाताने कडी धरून वर चढली, आणि सीटवर बसण्याआधी थोडी थांबली. कोणी सरकून जागा द्यावी म्हणून थांबतात तशी. मग बसली. म्हातारी पाच वेळा सुरू झाली. सहाव्यांदा ट्रेलरवाल्याच्या आग्रहाखातर. काटा दर वेळी उजवीकडे गेला.

ट्रेलर वळणाआड गेल्यावर मी वही उघडली. सोमवारच्या 'ठीक'वर काट मारली. शुक्रवारसमोर आकडा लिहिला, १३.१, उणे चिन्हासकट. मग बराच विचार केला, आणि जे मोजलं ते लिहायचं या सवयीने त्याखाली लिहिलं:

ठोके तीन. त्यांपैकी माझे दोन.